बूट नवे घे, सॅक मागून आण, दोर मात्र वापरलेला नको

प्रश्न: ताई, मी २४ वर्षांची आहे. मानेवाड्याला राहते, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. आजवर पाहिलेले डोंगर म्हणजे रामटेकचा गड आणि कॉलेजच्या सहलीतली पचमढी. या डिसेंबरात कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड, जानेवारीत उत्तराखंडातला केदारकंठा, असं आम्हा तिघी मैत्रिणींचं ठरलंय. तिकिटं आणि ट्रेकची फी बाजूला काढून ठेवली आहे. सामानासाठी माझ्याकडे १२ हजार आहेत आणि इंटरनेटवरच्या याद्या ३० हजारांच्या खाली येत नाहीत. त्यात एका मैत्रिणीला जुन्या वस्तूंच्या ॲपवर क्लायंबिंगचा अख्खा संच सापडलाय: दोर, दोन हार्नेस (कमरेला बांधायचे पट्टे), एक हेल्मेट, सहा कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या), सगळं मिळून साडेचार हजार. शहराबाहेरच्या एका बंद गिट्टीखदानीत सराव करू, असं ती म्हणते. तिघींत वाटून घेतलं तर स्वस्तच पडेल. बाबांचं वेगळंच: "चार हजाराचे जोडे? पायातच घालाचे आहेत ना?" काय घेऊ, काय सोडू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर:

आधी मैत्रिणीला फोन कर आणि तो संच घेऊ नका म्हणून सांग. बाकीचं पत्र त्यानंतर वाचलंस तरी चालेल.

दोर, हार्नेसचे पट्टे, स्लिंग (शिवलेल्या पट्टीचे फास) हे सगळं नायलॉनसारख्या धाग्याचं असतं. ऊन लागून लागून तो धागा कमजोर होतो. गाडीच्या डिक्कीत बॅटरीचं ॲसिड सांडलं असेल, संडास साफ करायच्या ॲसिडशेजारी दोर वर्षभर पडून असेल, तरी तो बिघडतो. आणि बाहेरून बऱ्याचदा काहीच दिसत नाही. रंग तसाच, वीण तशीच. बाटलीतलं द्रव स्वच्छ दिसतं म्हणून एक्स्पायरी उलटलेलं रीएजंट तू तपासणीला घेत नाहीस, तसंच हे. हार्नेसच्या आतल्या बाजूला एक छोटं लेबल शिवलेलं असतं, त्यावर बनवल्याचं वर्ष असतं. एकदाही वापरला नसला तरी दहा वर्षांनंतर असा माल वापरू नका, असं बहुतेक कंपन्या स्वतःच सांगतात. ॲपवर विकणाऱ्याला ते वर्ष विचारलंत का? आणि त्यानं सांगितलंच, तरी मधल्या काळात तो दोर कुठे पडून होता, त्यावर कोण किती वेळा पडलं, हे तुम्हाला कळणार कसं?

दोराचं आणखी एक आहे. दोर दोन जातींचे असतात. चढणारा पडला तर ताणून झटका पोटात घेणारा डायनॅमिक, आणि जवळजवळ न ताणला जाणारा स्टॅटिक. स्टॅटिक दोर रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून खाली उतरायला, किंवा सामान ओढायला चांगला. पण दोर अडकवलेल्या जागेच्या वर चढून गेलेली मुलगी तिथून पडली तर तो झटका दोर झेलत नाही. तो तिच्या कमरेला, पाठीच्या कण्याला आणि दोर जिथे बांधलाय त्या अँकरला बसतो. दोन्ही दोर फोटोत सारखेच रंगीत दिसतात. ओळख असते ती टोकाला गुंडाळलेल्या पट्टीवर: डायनॅमिक दोरावर ईएन ८९२ (ईएन म्हणजे युरोपीय मानक), आणि एकेरी वापरायचा असेल तर वर्तुळात १ असा आकडा, स्टॅटिकवर ईएन १८९१. जुन्या दोराची ती पट्टी बहुतेक वेळा निघून गेलेली असते. मग तो कुठल्या जातीचा हे सांगणारं कुणीच उरत नाही. हेल्मेटचंही तेच. आतला फोम एकदा मोठा मार खाऊन दबला की पुढच्या वेळी तो डोकं वाचवेलच असं नाही, आणि वरचं कवच मात्र चकचकीत राहतं.

खदानीचा बेत तर मला मुळीच पसंत नाही. खदानीची भिंत सुरुंग लावून फोडलेली असते. कातळ आतून तडकलेला, वर सुटे दगड, हाताला धरलेली कपार कधी सुटून येईल याचा नेम नाही. दोर वर कशाला बांधणार? झुडपाला? अँकर लावणं हे शिकायचं काम आहे. एक निसटला तर दुसऱ्यानं भार घ्यावा अशी बांधणी लागते, आणि ती शिकवणारा माणूस शेजारी उभा लागतो. व्हिडिओ पाहून तीन मुलींनी हे करावं, असं मी कधीही म्हणणार नाही.

क्लायंबिंगचं मनात असेल तर ते सोडू नकोस. फक्त सामानापासून सुरुवात करू नकोस. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची १९५४ साली सुरू झालेली हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची संस्था, इथे सुमारे चार आठवड्यांचा बेसिक कोर्स असतो. दोर, हार्नेस, आइस ॲक्स (बर्फातली कुऱ्हाड), क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटाखाली बांधायचे दाते) असं तांत्रिक सामान तिथे संस्थाच वापरायला देते. एवढी रजा मिळत नसेल तर आपल्याकडच्या एखाद्या गिर्यारोहण क्लबचं दोन-तीन दिवसांचं प्रस्तरारोहण शिबिर कर. जायच्या आधी त्यांना बिनधास्त विचार: शिकवणाऱ्यांनी कुठून कोर्स केलाय, दोर कधी घेतला, त्याच्या वापराची नोंद ठेवता का, मुलांना बिले कोण देतं, म्हणजे चढणाऱ्याचा दोर कोण सांभाळतं? ज्या क्लबला या प्रश्नांचा राग येतो, तिथे जायचं नाही. दोन शिबिरं झाल्यावरही ओढ कायम राहिली, तर पहिल्यांदा स्वतःचं हेल्मेट आणि हार्नेस घे, दोन्ही नवे. कॅराबिनर घेशील तेव्हा त्याच्या अंगावर कोरलेला केएनचा आकडा बघ. केएन म्हणजे किलोन्यूटन. एक केएन म्हणजे ढोबळमानाने शंभर किलोचा भार. लांबीच्या दिशेने २० किंवा त्याहून जास्त हवा. किल्ल्या अडकवायच्या चाळीस-पन्नास रुपयांच्या हुकाचा आकार हुबेहूब तसाच असतो, पण त्यावर पाण्याच्या बाटलीपलीकडे काही टांगायचं नाही.

आता तुझ्या तीन ट्रेकचं. यांतल्या एकालाही दोर लागत नाही. कळसूबाईला अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. हरिश्चंद्रगडाला पाचनईच्या वाटेने जा. नळीच्या वाटेचं नाव कुणी काढलं तर सरळ नाही म्हण, ती पहिल्या वर्षाची वाट नाही. केदारकंठ्याला बर्फातून चालायचं असतं, चढाईचं तंत्र लागत नाही. म्हणजे तुझे १२ हजार पाय, अंगावरचे कपडे आणि उजेड यांवर खर्च व्हायला हवेत. बाकी सगळं भाड्याने किंवा मागून.

बुटांवर साडेचार हजारांपर्यंत घाल. बाबांना सांग की हे जोडे मिरवायला नकोत. उतारावर दिवसभर पाय सरकून बोटांची नखं काळी पडू नयेत आणि बर्फात मोजे भिजू नयेत, म्हणून ते हवेत. सह्याद्रीतल्या जुन्या ट्रेकर मंडळींनी ॲक्शन कंपनीच्या स्वस्त ट्रेकिंग बुटांवर किती गड केले असतील, त्याला मोजदाद नाही. तुझा बेत फक्त कळसूबाईपुरता असता तर मीही तेच घे म्हटलं असतं. पण जानेवारीत केदारकंठा आहे, आणि बर्फात पाणी आत घेणारा बूट चालत नाही. म्हणून घोट्यापर्यंतचा, वॉटरप्रूफ अस्तराचा एकच जोड घे आणि तोच डिसेंबरात सह्याद्रीत वापर. तेव्हा तिथला कातळ कोरडा असतो. पावसाळी ट्रेकला मात्र हा जोड नेऊ नकोस. वरून शिरलेलं पाणी वॉटरप्रूफ बुटातून बाहेर पडत नाही, दिवसभर पाय डबक्यात. पावसाला जाळीचे साधे बूट बरे.

दुकानात संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा. जे जाड मोजे डोंगरात घालणार तेच घालून जा. लेस न बांधता पाय पुढे सरकव, बोटं टोकाला टेकली की टाचेमागे एक बोट शिरलं पाहिजे. मग टाच मागे आपटून लेस घट्ट बांध आणि चवड्यांवर उभी राहा. टाच उचलली जात असेल तर तो बूट फोड आणणार. त्यानंतर दुकानातल्या जिन्यावरून उतरून बघ, किंवा तिरपी फळी असेल तर तिच्यावर उताराकडे तोंड करून उभी राहा. बोटं पुढे भिडली तर अर्धा नंबर मोठा माग. बूट हातात घेऊन वाकव: तो चवड्याशी वाकावा, मधोमध घडी पडत असेल तर ठेवून दे. सोलच्या रबरात नख दाबून बघ. प्लॅस्टिकसारखं टणक रबर कातळावर सटकतं, किंचित दबणारं धरून ठेवतं. बायकांच्या मापात तुला हवा तो बूट नसेल तर पुरुषांच्या लहान नंबरात बघ, पण टाचेची पकड दोनदा तपास. पुरुषांच्या बुटाची टाच बहुधा रुंद असते.

बूट दिवाळीच्या आसपास घेऊन टाक, म्हणजे महिनाभर मिळेल. सुरुवातीचे दोन दिवस घरातल्या फरशीवरच घाल, पावती आणि खोका जपून ठेव. चावले तर बदलून मिळतील. मग अंबाझरीचा फेरा, सेमिनरी हिल्सचे चढ, आणि एखाद्या रविवारी पाठीवर पाच-सहा किलो घेऊन रामटेकच्या पायऱ्या दोनदा चढ-उतर. चढताना काही कळत नाही, बूट उतरताना बोलतो. घरात आधीचे कुणाचे ट्रेकिंग बूट माळ्यावर ठेवलेले असतील तर तेही याच पायऱ्यांवर तपासा. नुसत्या ठेवण्यानेही मधला फोम वर्षांनी ठिसूळ होतो आणि सोल भर वाटेत सुटून येतो. मोच्याकडून कडेने शिवून घेतलं तर शिलाई सोलला धरते, भुगा झालेल्या फोमला धरत नाही.

मोजे सुती नकोत. लोकर मिसळलेले दोन जोड पुरे, त्यांतला एक फक्त तंबूत झोपायला, कोरडा ठेवलेला. हिवाळ्यात आपल्याकडे तिबेटी विक्रेत्यांचा स्वेटर बाजार लागतो, तिथे लोकरीचे मोजे, हातमोजे, कानटोपी रास्त भावात मिळते. मोज्यांना ६०० आणि टोपी-हातमोज्यांना ५०० धर.

कपड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे आपल्या नागपूरकरांची सवय आड येते. आपल्याला ऊन कळतं. मे महिन्यात ४५ अंशांत सुती कुर्ता, तोंडाला सुती दुपट्टा, हे आपण लहानपणापासून जाणतो आणि ते बरोबरच आहे. सुती कापड घाम धरून ठेवतं, तो हळूहळू सुकतो आणि अंग गार राहतं. केदारकंठ्याला हाच गुण घातक ठरतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, केदारकंठा ३८०० मीटरवर. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे नुसत्या उंचीनेच वीस-बावीस अंशांचा फरक. चढताना घामाने भिजलेली सुती बनियन माथ्यावर वाऱ्यात थांबलीस की अंगाची ऊब शोषून घेते. म्हणून अंगाला लागून पॉलिएस्टरचा, खेळाडू घालतात तसला टी-शर्ट हवा. बर्डीवर तो दोन-अडीचशेत मिळतो, ब्रँडची गरज नाही. त्यावर थर्मल, त्यावर फ्लीस (लोकरीसारख्या मऊ कापडाचं हलकं जॅकेट), सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. थर्मल, फ्लीस आणि टी-शर्ट मिळून २ हजार, पावसाच्या जॅकेटला दीड हजार. डेकॅथलॉनच्या स्वतःच्या ब्रँडचे साधे फ्लीस या हिशेबात बसतात. चालताना फ्लीस काढून ठेव. थांबलीस की लगेच घाल. थंडी वाजेपर्यंत वाट बघायची नाही. जीन्स दोन्हीकडे घरीच राहू दे.

जाडं फुगीर जॅकेट विकत घेऊ नकोस. ओळखीतल्या कुणाकडे असेल तर माग, नाहीतर ट्रेक नेणाऱ्या संस्थेकडून भाड्याने घे. पिसांचं मिळालं तर ओलं होऊ देऊ नकोस; पिसं भिजली की दबतात आणि ऊब जाते.

सॅकही मागून आण, पण मापाने. मान खाली घातलीस की मागे जे हाड पुढे येतं तिथपासून, कमरेवर हात ठेवल्यावर दोन्ही अंगठे जिथे भेटतात त्या रेषेपर्यंत आईच्या शिवणाच्या टेपने पाठ मोज. सॅकची पाठ तेवढी असायला हवी. भावाची ६० लिटरची मोठी सॅक तुझ्या पाठीला लांब पडली तर कमरेचा पट्टा मांड्यांवर येईल आणि सगळं ओझं खांद्यांवर. पट्टा कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे, वजनाचा मोठा वाटा तोच घेतो. भरलेली सॅक तुझ्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जड नको. रेनकव्हर नसेल तर इतवारीतून जाड पॉलिथिनची मोठी पिशवी आण, ती सॅकच्या आत घाल आणि सगळे कपडे त्यात. रेनकव्हरपेक्षा मला हीच पद्धत जास्त खात्रीची वाटते, कारण कव्हर वाऱ्याने निघतं आणि पाठीकडून पाणी आत येतंच.

स्लीपिंग बॅग आणि तंबू घेऊ नकोस. केदारकंठ्याला नेणारे बहुतेक आयोजक दोन्ही देतात. फी भरताना नक्की करून घे. हरिश्चंद्रगडावर गावकऱ्यांकडे राहायची आणि जेवणाची सोय होते. बॅगेवर कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम असे तीन आकडे असतात. तुझ्यासाठी कम्फर्टचाच आकडा खरा, तो बाईच्या शरीराच्या हिशेबानेच काढलेला असतो. एक्स्ट्रीमचा आकडा जीव कसाबसा वाचण्याचा आहे, झोपेचा नव्हे. दुसऱ्याच्या बॅगेत झोपायचं म्हणून आईकडून जुन्या मऊ साडीची, तीन बाजूंनी शिवलेली खोळ करून घे. स्वच्छही राहते आणि थोडी ऊबही वाढते.

हेडटॉर्च मात्र स्वतःचा, ७०० रुपयांपर्यंत. कळसूबाईला सूर्योदयासाठी लोक पहाटेच्या अंधारात चढतात आणि शिड्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात. तिथे मोबाइलचा टॉर्च कामाचा नाही. थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेव्हा रात्री ती झोपायच्या बॅगेत घेऊन झोप. बर्फासाठी गॉगल चष्म्याच्या दुकानातून घे, यूव्ही ४०० लिहिलेला, ५०० च्या आसपास. रस्त्यावरचा नुसता काळ्या काचेचा गॉगल डोळ्यांना जास्त वाईट: काचेआड बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण आणखी आत जातात. काठी गावात मिळेल ती बांबूची चालेल, शिडीवर चढताना सॅकला बांधायची. पाण्याला एक-एक लिटरच्या साध्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, ओआरएसची पाकिटं. यावर पैसे घालवू नकोस.

हे सगळं १० हजार ३०० होतं. उरलेले १७०० बुटांना लावायच्या मायक्रोस्पाइक (बर्फात पकड देणारे छोटे दाते), गेटर (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर चढवायचं आवरण) आणि लागलंच तर जॅकेटच्या भाड्यासाठी राहू देत. हे सांकरीत, जिथून ट्रेक सुरू होतो तिथे, भाड्याने मिळतं. जुन्या वस्तूंचं ॲपही वाईट नाही. फ्लीस, जॅकेट, सॅक, काठी तिथून खुशाल घे. चेन, शिवण, बक्कल हाताने ओढून बघ आणि मगच पैसे दे.

मैत्रिणीने त्या संचाचा इसार आधीच दिला असेल तर तेवढे पैसे गेले असं समजा. संच घरी येऊनच पडला असेल, तर दोराचे हात-दोन हात लांबीचे तुकडे करा आणि हार्नेसचे पट्टे कात्रीने कापा, म्हणजे तुमच्यानंतर तो दुसऱ्या कुणाच्या कमरेला बांधला जाणार नाही.